गोल केसाळ ब्रशचं काम: सुरुवातीचे व्हॅक्यूम क्लीनर आणि नक्षीत बसलेली धूळ

आलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. माळ्यावर एक जुना व्हॅक्यूम क्लीनर सापडलाय. पणजोबांनी १९३०च्या सुमारास परदेशातून आणलेला असावा, असा घरच्यांचा अंदाज. आडवं नळकांडं, खाली घसरत जायला दोन धातूच्या पट्ट्या, कापडी विणीची नळी आणि खोक्यात पाच तोंडं. एक रुंद चपटं, एक चिंचोळं, एक छोटं तिरपं, एक लांबट केसाळ आणि एक मऊ केसांचा गोल ब्रश. हा गोल ब्रश कशासाठी, त्या काळचे लोक कोरीव फ्रेमा, उठावाचे वॉलपेपर, मखमली कोच खरंच याने साफ करत होते का, आणि आज घरच्या कोरीव देव्हाऱ्यावर हे यंत्र चालवलं तर चालेल का, हे विचारलंय.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. ब्रश जरूर वापरा, यंत्र चालू करू नका. मी जुनं लाकडी सामान आणि चौकटी जतन करण्याचं काम करते, आणि रोजच्या कामात हाताशी असतो तो याच जातीचा ब्रश. खडबडीत किंवा कोरीव पृष्ठभागावरची धूळ केस सोडवतात, हवा ती फक्त वाहून नेते. व्हॅक्यूम क्लीनर बनवणाऱ्यांना हे उमगायला बराच काळ लागला. तुमच्या खोक्यातला गोल ब्रश म्हणजे ते शेवटी जिथे पोचले ती जागा.

नुसत्या हवेने धूळ का निघत नाही, ते छताच्या पंख्याकडे पाहिलं की कळतं. पाती मिनिटाला तीनशेहून जास्त फेरे घेतात, तरी दोन-तीन महिन्यांत त्यांच्यावर राखाडी थर बसतोच. पात्याला अगदी लागून असलेली हवा पात्याबरोबरच फिरत असते, म्हणजे पात्याच्या हिशेबाने ती जवळजवळ थांबलेली असते. काही मायक्रॉनचा, म्हणजे मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढा, कण एकदा त्या थरात शिरला की त्याला वारा लागतच नाही. शिवाय इतका बारीक कण वजनामुळे पडून राहिलेला नसतो, तो पृष्ठभागाच्या आकर्षणाने धरून ठेवलेला असतो. गुळगुळीत पात्यावर ही गत, तर वेलबुट्टीच्या खळग्यात काय होत असेल! तिथे वाहत्या हवेचा झोत उंचवट्यांवरून निघून जातो आणि खालची धूळ जागची हलत नाही.

दुसरी अडचण ओढण्याची आहे. फुंकलेली हवा झोत धरून लांब जाते, ओढलेली हवा मात्र चारी बाजूंनी गोळा होते. वायुवीजनाचं काम करणारे इंजिनियर एक ढोबळ हिशेब मांडतात. ज्या तोंडातून हवा फुंकली जाते त्याच्या व्यासाच्या तीसपट अंतरावर झोताचा वेग दहाव्या हिश्श्यावर येतो. ओढणाऱ्या तोंडासमोर मात्र जेमतेम एका व्यासाच्या अंतरावरच तो दहाव्या हिश्श्यावर किंवा त्याच्याही खाली गेलेला असतो. म्हणजे ३ सेंटिमीटरचं तोंड भिंतीपासून ३ सेंटिमीटरवर धरलं की ओढ जवळपास संपली. यंत्र कितीही आवाज करो.

आता सुरुवातीच्या काही शोधकांनी फुंकण्याचा मार्ग का धरला, ते लक्षात येईल. सेंट लुईसच्या जॉन थर्मनला १८९९ मध्ये ज्या यंत्राचं पेटंट मिळालं ते दाबलेल्या हवेवर चालायचं. हवेचा मारा करून गालिच्यातली धूळ उडवायची आणि ती एका पेटीत पकडायची, अशी योजना. याच धर्तीचं एक अमेरिकन यंत्र लंडनमध्ये दाखवलं गेलं तेव्हा ह्यूबर्ट सेसिल बूथ हा इंजिनियर तिथे होता. उडालेली धूळ पेटीत थोडी आणि खोलीत जास्त जाते, हे त्याने पाहिलं. हीच हवा उलट ओढली तर, असं त्याने विचारलं तर ते जमत नाही असं उत्तर मिळालं.

यानंतर बूथने जो प्रयोग केला तो पुष्कळांना माहीत असतो, पण त्यातली एक बारीक गोष्ट सहसा कोणी लक्षात घेत नाही. लंडनच्या व्हिक्टोरिया स्ट्रीटवरच्या एका उपाहारगृहात तो बसला होता. तिथल्या खुर्चीच्या मखमली पाठीला त्याने तोंड लावलं आणि जोरात श्वास ओढला. ठसका लागून जीव घाबरा झाला. रुमाल मध्ये धरला तर रुमालावर काळा डाग उमटतो, हेही त्याने पाहिलं. व्हॅक्यूम क्लीनरचा इतिहास आपण गालिच्यांचा म्हणून सांगतो, पण ओढून धूळ निघते हे बूथने पहिल्यांदा ताडून पाहिलं ते लव असलेल्या खुर्चीवर. मखमलीवर ते जमलं, कारण तोंड थेट कापडाला टेकलेलं होतं आणि हवा कापडाच्या आरपार येत होती. लिंपलेल्या भिंतीतून किंवा लाकडातून हवा आरपार येत नाही. तिथे वेगळी युक्ती लागणार होती, आणि ती पहिल्या यंत्रात नव्हती.

बूथचं पेटंट ऑगस्ट १९०१चं. त्याचं यंत्र घोडागाडीवर असे, पेट्रोलच्या इंजिनावर पंप चाले. गाडी रस्त्यावर उभी राही आणि लांबलचक नळ्या खिडक्यांतून घरात सोडल्या जात. धूळ जाताना दिसावी म्हणून नळीत काचेचा तुकडा बसवलेला असे. आपल्या दिवाणखान्यातून काय काय निघतंय हे पाहायला बड्या घरच्या बायका मैत्रिणींना चहाला बोलावत. १९०२ मध्ये सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकाआधी वेस्टमिन्स्टर ॲबीतले गालिचे या यंत्राने साफ केले आणि बूथचं नाव झालं. पहिल्या महायुद्धात लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये नौदलाचे शिपाई राहत होते. तिथे साथ आली तेव्हा त्याच्या यंत्रांनी सुमारे २६ टन धूळ काढली, असं सांगितलं जातं. ती सगळी काही जमिनीवरची नव्हती, लोखंडी गर्डरांवरही थर होते.

त्या काळच्या घरात नक्षीचा एवढा सोस होता की आजच्या सपाट भिंतींच्या फ्लॅटमध्ये बसून त्याची कल्पना येत नाही. फ्रेडरिक वॉल्टनने, म्हणजे ज्याने जमिनीवर अंथरायचं लिनोलियम काढलं त्यानेच, १८७७ मध्ये लिंक्रस्टा आणलं. जवसाच्या तेलाचा घट्ट लगदा नक्षीच्या रुळांतून काढून बनवलेलं, भिंतीवर लावायचं, चामड्यासारखं किंवा कोरीव लाकडासारखं दिसणारं ते आवरण होतं. त्याच धंद्यातल्या टॉमस पामरने १८८७ मध्ये ॲनाग्लिप्टा काढलं. ते कागदाच्या लगद्याचं, हलकं आणि स्वस्त, त्यामुळे मध्यमवर्गीयांच्या जिन्यांत आणि बोळांतही पोचलं. वर छताच्या कडेने प्लास्टरची फुलं-पानं, सोनेरी फ्रेमा, बटणं ओढून खळगे पाडलेले कोच, झालरीचे पडदे. आणि या सगळ्याच्या मध्यभागी कोळशाची शेगडी, दिवसभर काजळी सोडणारी.

काजळी आणि धूळ यांत फरक आहे आणि तो आमच्या कामात रोज आडवा येतो. साधी धूळ कोरडी असते, केस फिरवले की सुटते. काजळीत तेलकट अंश असतो, ती चिकटते. पिसांचा डस्टर फिरवला की उंचवट्यावरची धूळ उडून शेजारच्या खळग्यात बसे. वॉलपेपरवरची काजळी काढायला लोक शिळा पाव किंवा कणकेसारखा लगदा घासत. सपाट कागदावर हा उपाय चांगला, पण उठावाच्या कागदावर लगदा फक्त माथ्यावर फिरतो, खोलगट भाग काळा तो काळाच. पुढे अमेरिकेत असा लगदा तयार विकत मिळू लागला. सिनसिनाटीची कुटॉल कंपनी तो बनवायची. कोळशाच्या शेगड्या गेल्या, भिंतीवर धुता येणारा प्लास्टिकचा कागद आला आणि लगद्याचा खप बसला. तेव्हा तोच लगदा थोडा बदलून १९५६ मध्ये प्ले-डो नावाने मुलांना खेळायला दिला गेला. आज घराघरांत पोरं जी रंगीत माती वळतात तिचा उगम भिंत पुसण्यात आहे!

बूथच्याच काळात अमेरिकेत डेव्हिड केनी दुसरी वाट शोधत होता. यंत्र रस्त्यावर आणण्यापेक्षा इमारतीच्या तळघरात कायमचं बसवायचं, भिंतींतून नळ न्यायचे, खोल्याखोल्यांत तोंडं ठेवायची आणि तिथे नळी लावून साफ करायचं. १९०२ मध्ये पिट्सबर्गच्या फ्रिक बिल्डिंगमध्ये त्याने अशी व्यवस्था बसवली. अशा इमारतींत रोज पगारी माणसं सगळ्या प्रकारच्या पृष्ठभागांवर काम करत, त्यामुळे एका तोंडाने भागत नाही हे तिथे लवकर उघड झालं. गालिच्यासाठी अरुंद फट असलेलं तोंड, उघड्या फरशीसाठी कडेला नमदा (दाबलेल्या लोकरीचं जाड कापड) लावलेलं, कोचासाठी हाताएवढं छोटं, भिंतीसाठी लांब दांड्यावरचा रुंद ब्रश, आणि कोरीव कामासाठी गोल ब्रश. तुमच्या खोक्यातला संच त्याच घराण्यातला आहे.

या टप्प्यावर यंत्र बनवणाऱ्यांत दोन पंथ पडले होते. पिस्टनच्या पंपाने ओढ जबरदस्त मिळते, पण हवा थोडी येते. पंख्याने ओढ कमी मिळते, हवा मात्र भरपूर. गालिच्याच्या पंथाला जोरदार ओढ प्यारी, कारण तोंड गालिच्याला चिकटून बसतं आणि लवेच्या मुळातली वाळू खेचायला जोर लागतो. तोच जोर वॉलपेपरवर लावला तर कागद तोंडाला चिकटून सुटायला लागतो, पडदा नळीत शिरतो, कोचाचं कापड ओढलं जाऊन तोंडच बंद होतं. म्हणून कोचाच्या छोट्या तोंडाच्या कडांना खाचा ठेवलेल्या दिसतात. तुमच्या संचातलं तिरपं तोंड हातात घेऊन पाहा, बहुधा त्यालाही असतील. कापड तोंडाला चिकटलं तरी खाचांतून हवा येत राहते, आणि कापडावरून तिरपी धावणारी हीच हवा लव पिंजते.

भिंत, फ्रेम आणि कोरीव लाकूड यांना भरपूर पण मवाळ हवा लागते. इथे केसांची दोन कामं असतात, आणि दुसरं सहसा ध्यानात येत नाही. पहिलं काम उघड आहे: केसाची टोकं त्या थांबलेल्या हवेच्या थरात शिरतात आणि कण सोडवतात. दुसरं काम अंतर राखण्याचं. केस तोंडाला पृष्ठभागापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर ठेवतात, पण हवेची वाट बंद करत नाहीत. हवा चारी बाजूंनी केसांमधून आत शिरते. मघाशी म्हटलं की तोंड लांब धरलं की ओढ संपते. भोवती दाट केसांचं कडं असलं तर हवेला मोकळ्या जागेतून यायचा मार्गच कमी उरतो, ती केसांच्या फटींतून, पृष्ठभागाला घासत येते. म्हणून गोल ब्रशचे केस विरळ झाले की तो निकामी होतो. लोकांना वाटतं यंत्राचा जोर गेला, आणि यंत्र तर ठीक असतं.

ज्यांच्याकडे ना घोडागाडी बोलवायला पैसा, ना तळघरात यंत्र बसवायला इमारत, त्यांच्यासाठी हाताने चालवायची यंत्रं निघाली. बर्मिंगहॅमच्या वॉल्टर ग्रिफिथ्सने १९०५ मध्ये भात्यासारखं एक यंत्र काढलं. त्याला वाकणारी नळी होती आणि वेगवेगळी तोंडं लावता येत. बेबी डेझी नावाचं एक यंत्र होतं, त्यात एकाने भाता हलवायचा आणि दुसऱ्याने नळी फिरवायची. कल्पना उत्तम, पण भात्याची हवा झटक्याझटक्याने येते. केसाने धूळ सोडवली त्या क्षणी हवा वाहती नसेल तर ती धूळ परत तिथेच बसणार. गालिच्यावर हे खपून जातं, कोरीव कामावर नाही. त्याच्याही आधी, १८६९ मध्ये, शिकागोच्या आयव्हज मॅकगॅफीचं व्हर्लविंड होतं. हाताने मूठ फिरवत यंत्र ढकलायचं. पण त्याला नळीच नव्हती, म्हणजे जमिनीवरून वर यायचा प्रश्नच नाही.

विजेची मोटर आली आणि चित्र बदललं. ओहायोतल्या कँटनमध्ये जेम्स मरे स्पँग्लर एका दुकानात झाडलोटीचं काम करायचा. त्याला दमा होता. पंख्याची मोटर, झाडूचा दांडा आणि उशीचा अभ्रा जोडून त्याने यंत्र केलं आणि १९०८ मध्ये पेटंट घेतलं. त्याच्या यंत्राची खुबी फिरणाऱ्या ब्रशमध्ये होती: आधी केसाने सोडवा, मग ओढा. ते हक्क चामड्याचा धंदा करणाऱ्या विल्यम हूवरने घेतले आणि हूवर हे नाव घरोघरी गेलं. पण हे उभं यंत्र जमिनीसाठी जन्मलेलं. त्याचं तोंड खाली, पिशवी मागे. भिंत किंवा कोच साफ करायचा तर नळीचा वेगळा संच विकत घ्यायचा आणि तो यंत्राला जोडायची खटपट करायची. ज्या घरात असे संच विकले गेले तिथेही ते कपाटात पडून राहत असणार, असा माझा अंदाज आहे. जी गोष्ट जोडायला पाच मिनिटं लागतात ती रोज कोण जोडतो?

युरोपात वेगळा विचार झाला. डेन्मार्कमध्ये फिस्कर आणि निल्सन यांच्या कारखान्यातून १९१० मध्ये निलफिस्कचं पहिलं यंत्र निघालं, वजन १७.५ किलो. आज ते जड वाटेल, पण त्या वेळी एका माणसाने खोलीतून खोलीत नेता येणं हीच मोठी गोष्ट होती. मग १९२१ मध्ये स्वीडनच्या इलेक्ट्रोलक्सने मॉडेल पाच आणलं. आडवं नळकांडं, खाली घसरपट्ट्या, पुढे नळी. यंत्र जमिनीवर पडून राहणार आणि हातात फक्त नळी व तोंड. म्हणजे तोंडं ही जादा वस्तू न राहता यंत्राचा मुख्य भागच झाली. मला विचाराल तर घरातल्या नक्षीदार वस्तूंच्या सफाईत खरी क्रांती इथे झाली, हूवरच्या वेळी नाही. तुमचं यंत्र याच घडणीचं आहे. यात मागच्या बाजूला नळी लावून हवा फुंकायचीही सोय अनेकदा असे. ती सोय घरात वापरू नका. थर्मनचा घोळ पुन्हा होईल.

महाराष्ट्रातल्या बहुतेक घरांत हा गोल ब्रश पोचला तो बऱ्याच नंतर. १९८२ मध्ये इलेक्ट्रोलक्सशी भागीदारी करून युरेका फोर्ब्स सुरू झाली आणि युरोक्लीन घेऊन विक्रेते दारोदार फिरू लागले. गादीवर पांढरं कापड ठेवून त्यावर जमलेला काळा डाग दाखवायचा त्यांचा खेळ ज्यांनी पाहिलाय, त्यांनी बूथचा रुमालच पाहिला. यंत्र घेतलं जाई, जळमटं काढायला वापरलं जाई आणि गोल ब्रश खोक्यात. कारण देव्हारा आणि फ्रेमा फडक्याने पुसायची आपली सवय. ओलं फडकं हा कोरीव लाकडाचा शत्रूच समजा. ते माथा पुसतं आणि खळग्यात चिखल भरतं. चार-पाच वर्षांत तो चिखल दगडासारखा होतो आणि मग आमच्याकडे येतो.

ब्रशच्या केसांकडे वळू. त्या काळच्या चांगल्या धूळ-ब्रशात घोड्याचे केस असत. हे केस लवचिक असतात, वाकून परत सरळ होतात आणि लाकडाच्या पॉलिशवर चरे पाडत नाहीत. डुकराचे केस जरा ताठ, पण त्यांची टोकं निसर्गतःच फुटलेली असतात, त्यामुळे बारीक कण टोकात अडकतात. आम्ही दगड, टणक लाकूड, वेताची वीण यांना डुकराचे केस वापरतो. सोनेरी मुलामा, जुना रंग, कागद यांना बकरीचे केस, तेही अगदी मऊ. आजच्या स्वस्त संचांतले नायलॉनचे केस मला आवडत नाहीत. घासले की त्यांच्यात विजेचा भार साठतो आणि सोडवलेली धूळ त्यांनाच चिकटते. कोरड्या हिवाळ्यात हा त्रास जास्त.

तुमच्या ब्रशचे केस बोटाने दाबून पाहा. पटकन तुटत असतील तर तो फक्त शोभेला ठेवा. मुळाशी बारीक भुसा किंवा अळीची टरफलं दिसली तर कसर लागलीय. तो ब्रश प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून डीप फ्रीजरमध्ये उणे १८ अंशांवर दोन आठवडे ठेवा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडू नका. केस शाबूत असतील तर कोमट पाण्यात सौम्य साबण घालून फक्त केसांचा भाग धुवा आणि केस खाली करून सावलीत टांगा. उभा ठेवून वाळवला तर पाणी मुळाशी उतरतं आणि केस सुटतात.

नळीचा व्यास जुळेल का, हाही प्रश्न येतो. आजच्या घरगुती नळ्या बहुधा ३२ किंवा ३५ मिलिमीटरच्या असतात. फरक थोडा असेल तर सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा गुंडाळला की काम भागतं. बाजारात जोडण्याही मिळतात.

आता देव्हारा. आम्ही ज्या पद्धतीने काम करतो ती ब्रिटनमधल्या जुन्या वाड्यांत आणि जगभरच्या संग्रहालयांत साधारण तशीच आहे. नळीला लावलेला ब्रश थेट कोरीव कामावर दाबत नाही. एका हातात सुटा मऊ ब्रश, दुसऱ्या हातात नळीचं तोंड. तोंडावर मच्छरदाणीच्या जाळीचा तुकडा रबराने बांधायचा, म्हणजे सुटलेली कपची किंवा चांदीचा खिळा आत गेला तर जाळीवर अडकेल. सुट्या ब्रशने धूळ तोंडाच्या दिशेने लोटायची, तोंड एक-दोन सेंटिमीटरवर धरायचं. वरून खाली यायचं, कारण थोडी धूळ निसटतेच. यंत्राचा जोर कमीत कमी ठेवायचा. जोर कमी करायची सोय नसेल तर नळीच्या मुठीवरचं सरकतं भोक उघडं ठेवायचं. देव्हाऱ्याचं लाकूड धट्टंकट्टं असेल, कुठे काही निखळत नसेल, तर नळीला लावलेला गोल ब्रशही चालेल. फक्त त्याची प्लास्टिकची किंवा धातूची कड लाकडाला लागू देऊ नका. जुन्या चांगल्या ब्रशांत केस कडेच्या बरेच बाहेर आलेले असतात ते याचसाठी.

तेलाच्या दिव्यापाशी आणि उदबत्तीच्या वरच्या भागात जो काळपट थर असतो तो या पद्धतीने निघणार नाही. ती काजळी आहे. तिला ब्रश लावला तर ती पसरते. तिथे आधी थांबा, पॉलिश कशाचं आहे ते पाहून घ्या, मग ठरवा. देव्हारा रंगवलेला असेल आणि रंग पन्नास वर्षांहून जुना असेल तर त्यात शिसं असू शकतं. पापुद्रे सुटत असतील तर घरच्या यंत्राने अजिबात ओढू नका, मुलांना लांब ठेवा.

वेळही महत्त्वाची. कोकणात, मुंबईत, गोव्यात पावसाळ्याच्या दमटपणात धूळ पृष्ठभागाला अक्षरशः लिंपली जाते. जे काम एप्रिल-मेमध्ये दहा मिनिटांत होतं ते ऑगस्टमध्ये तासाभरात होत नाही. म्हणून वर्षातून एकदाच करणार असाल तर ते पावसाच्या आधी करा. दिवाळीची साफसफाई इतर घराला बरी, कोरीव लाकडाला उशीर होतो.

राहिलं ते यंत्र. ते चालू करू नका म्हटलं त्याची दोन कारणं आहेत. पहिलं विजेचं. त्या काळच्या तारांवरचं रबर आता ठिसूळ झालेलं असतं, वरचं कापडी वेष्टन चांगलं दिसलं तरी आत तार उघडी असू शकते. अंग धातूचं आणि अर्थिंग नाही. यंत्र अमेरिकेतून आलेलं असेल तर ते ११० व्होल्टचं असेल, आपल्या २३० व्होल्टवर लावलं की मोटर जळेल. पाटीवर आकडा कोरलेला असतो, तो आधी वाचा. चालवून पाहायचीच हौस असेल तर जुन्या मोटरी उघडणाऱ्या माणसाकडून तारा बदलून घ्या, मोटरच्या आतले कार्बन ब्रश (फिरत्या भागाला वीज पोचवणारे कार्बनचे छोटे ठोकळे) तपासून घ्या, आणि तेही कधीमधी दाखवण्यापुरतं.

दुसरं कारण पिशवीचं. आतली कापडी पिशवी खडे, केस, लोकर अडवते, पण बारीक धूळ तिच्या विणीतून आरपार जाते आणि मागून जोरात बाहेर येते. म्हणजे देव्हाऱ्यावरची जाडी धूळ काढताना तुम्ही खोलीभर बारीक धूळ फवाराल, आणि संध्याकाळपर्यंत तीच त्या नक्षीत परत बसेल. आजच्या चांगल्या गाळणीच्या यंत्राला हा दोष नाही. म्हणून आजचं यंत्र, जुना ब्रश. पिशवी उघडून पाहायची असेल तर गच्चीवर नेऊन, तोंडाला मास्क लावून उघडा. आत नव्वद वर्षांपूर्वीची कुणाच्या तरी दिवाणखान्याची काजळी असू शकते, शिशाचा रंगही असू शकतो. झटकू नका, ओल्या कागदात गुंडाळून ठेवा. आणि खोक्यातलं दोन ओळींच्या केसांचं लांबट तोंड टाकून देऊ नका. तो भिंतीचा ब्रश आहे. हॉलमध्ये खडबडीत टेक्स्चर पेंट असेल तर लांब नळीला लावून वरून खाली, कमी जोरावर फिरवा. त्या कामाला त्याच्याहून चांगलं काही मला अजून बाजारात मिळालेलं नाही.